वाडीच्या वाटेवरचा थर्मोस्टॅट

आमच्या गाडीतला थर्मोस्टॅट नेमका कशाने फसतो, हे मला सात महिने कळलं नाही. त्याच सात महिन्यांत देवाचं आपल्याकडे लक्ष आहे का, हेही कळेनासं झालं. गाडीखाली आडवा पडून वायरी तपासताना मी मेकॅनिकवर चिडलोय की दत्त महाराजांवर, हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. माझी बायको सुमन गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि मणक्याला मार बसला. छातीच्या खाली तिला काही कळेनासं झालं. हात चालत होते, बोलणं स्वच्छ होतं, पण ऊन-थंडी झेलण्याची अंगाची ताकद गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांचं अंग आता स्वतःहून गरम-थंड सांभाळणार नाही. ते तुम्ही सांभाळायचं. त्यात हयगय झाली तर जिवावर बेतेल." पडण्याआधी ती दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायची. तीन वर्षं पलंगावर काढल्यावर तिने एकच गोष्ट मागितली, एकदा वाडीच्या पादुकांचं दर्शन.

मी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं चालतं घर करवून घेतलं. आत पलंग, पाण्याची टाकी, छोटी शेगडी. मागे जनरेटर, त्यावर एसी आणि थंडीसाठी हीटर. आतलं तापमान बघून दोन्ही चालू-बंद करणारी थर्मोस्टॅटची डबी माझ्या सीटमागच्या पार्टिशनवर बसवली, म्हणजे गाडी चालवताना मान वळवली की आकडा दिसावा. चोवीसवर लावलं की काम झालं, असं मला वाटलं.

पण ते झालं नाही. वर्कशॉपच्या आवारात सगळं सुरळीत चालायचं आणि रस्त्याला लागलं की एसी थांबायचं नाव घ्यायचा नाही. एकदा थंडीत, सकाळच्या वाऱ्यात, पुढचं दार उघडं ठेवून मी टायर बघत होतो, तर आत हीटर पेटून सुमनचा चेहरा लालभडक झालेला. मी दोनदा डबी बदलली, वायरी बदलल्या. एक मेकॅनिक म्हणायचा जनरेटरचा दोष, दुसरा म्हणायचा एसीचा. गाडी उभी करून तपासली की कुणालाच काही सापडायचं नाही. चार वेळा आम्ही वाडीला निघालो आणि चारही वेळा वाटेतून परत आलो. मला वाटू लागलं, हे यंत्राचं नाही, देवालाच आम्ही नको आहोत. सुमनला तसं म्हणालोही. ती ओठांतल्या ओठांत नाम घेत राहिली. मला त्याचाही राग यायचा.

पाचव्यांदा निघालो तो चैत्रातला दिवस होता. हातकणंगले मागे पडलं असेल-नसेल, तोच पाठीमागून आवाज आला, "अहो, माझे हात लई गार पडलेत."

मी मान वळवली. "आकडा चोवीस दाखवतोय, सुमन."

"मला गार लागतंय ओ."

"मग आकडा चुकतोय का तू?"

हे वाक्य मी बोललो. थोड्या वेळाने मी हाक मारली तर ओ आली नाही. रस्त्याकडेला एका चिंचेखाली सावली दिसली, तिथे गाडी घातली आणि मागे धावलो. सुमनचे ओठ काळेनिळे झाले होते. बाहेर ऊन भाजत होतं आणि ती मला बर्फासारखी लागली. मी एसी बंद केला, दार उघडलं आणि पुढे काय करावं ते सुचेना म्हणून नुसता तिचे हात चोळत बसलो.

"काय झालं, पावणं?" दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पिशवी, अंगावर लग्नाला जायचं लुगडं. समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं कोंबडीची अंडी उबवायचं केंद्र होतं. सगळे तिला अक्का म्हणत, हे नंतर कळलं. मी तुटक-तुटक सांगितलं. तिने सुमनच्या मानेला हात लावला, पळत जाऊन घोंगडं आणि गरम पाण्याच्या बाटल्या आणल्या. बाटल्यांची ऊब लागून सुमनने डोळे उघडले, तेव्हा अक्का माझ्याकडे वळली.

"तुमची डबी कुठं हाय?"

मी सीटमागे बोट दाखवलं.

"आणि बाई कुठं हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. तिने शेडमधून पाऱ्याचे दोन थर्मामीटर आणले. सुमनला घोंगड्यात नीट गुंडाळून मला इंजिन आणि एसी सुरू करायला लावलं. एक थर्मामीटर डबीजवळ टांगला, दुसरा सुमनच्या उशाशी. पंधरा मिनिटांनी डबीपाशी चोवीस होतं आणि उशाशी सतरा. पार्टिशनला हात लावून ती म्हणाली, "हितं इंजिनची धग येतीया. वारं आलं तर हितंच लागणार. डबीला काय ठावं मागं कोन हाय ते? आमी अंड्याजवळ बघतो, भिंतीवर न्हाय. आणि पावणं, अंडं बोलत न्हाय. तुमची बाई बोलतीया की!"

मी लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस. मान वर करता येईना.

शेडमधली जादा वायर घेऊन आम्ही दोघांनी डबी पलंगाशेजारी आणली. तासाभरात एसी चालू होऊन आपोआप बंद झाला, पुन्हा चालू झाला. सुमनचे हात कोमट झाले. निघताना अक्का म्हणाली, "मी आज हितं असनारच नव्हते. भाचीच्या लग्नाला मिरजेला निघालेले. एसटी डोळ्यांदेखत गेली. लई शिव्या घातल्या मी त्या डायव्हरला."

संध्याकाळच्या आत आम्ही वाडीला पोचलो. घाटावरच्या चार अनोळखी माणसांनी सुमनची चाकाची खुर्ची उचलून पायऱ्यांनी खाली नेली. ती पादुकांकडे बघत राहिली, रडली नाही, नुसती बघत राहिली. मी मात्र हुंदके देत होतो. मागायचं काही आठवेना. सुटलेली एसटी, मोकळी सावली, अक्काच्या हातातले थर्मामीटर, याला काय म्हणायचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही.

सुमन त्यानंतर नऊ वर्षं होती. आम्ही गाणगापूरपर्यंत जाऊन आलो. त्या सगळ्या वाटेवर मी आकड्याआधी तिला विचारत असे. अक्काच्या तोंडून ज्याने त्या दिवशी मला माझ्याच बायकोचं ऐकायला शिकवलं, त्याच्यावर पुढचं सोपवायला मला जड गेलं नाही. शेवटच्या सकाळी तिने स्वतःहून सांगितलं, "आता बरं वाटतंय, गारही नाही, गरमही नाही." मी तिचा हात धरला होता. या वेळी मी तिला खोटं ठरवलं नाही.