परीक्षेची एक कॉलर

माझ्या मावशीला राग यायला वेळ लागतो. मला लागत नाही, म्हणून सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या.

एकवीस वर्षं एकाच कारखान्यात मावशीने शर्टांच्या कॉलरी शिवल्या. तो बंद पडला आणि ती आमच्याकडे राहायला आली, त्याला आता तीन वर्षं झाली. तिचं मशीन आईच्या पलंगाखाली आणि ती स्वतः बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर. "नोकरी लागली की आधी स्वतःची खोली बघणार," असं ती रोज म्हणायची आणि आई रोज भांडायची, "तुला इथे काय टोचतंय गं?" पण सख्ख्या बहिणीकडे पाहुण्यासारखं राहणं तिला टोचतच होतं. त्यामुळे दुसऱ्या एका कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला.

नऊची वेळ दिली होती, दार उघडलं अकराला. सहा जणी होत्या. सुपरवायझरने सगळ्यांचे फोन एका खोक्यात ठेवून घेतले आणि नंबर वाटले. मावशी चार नंबर. "या वयात नीट दिसतं का?" त्याने विचारलं, तेही तिच्याकडे न बघता. मावशीने मुकाट्याने सुईत दोरा ओवून दाखवला, पहिल्याच खेपेला.

मग शिवणाची परीक्षा. पुढ्यात निळ्या रेघांच्या बारा कॉलरींचा गठ्ठा, कापून तयार. "दोनच्या आत झाल्या पाहिजेत. बोलायचं नाही." पाणी मागितलं तर म्हणे, "झाल्यावर." मावशीची शिलाई रेषभर हलली नाही.

आठव्या कॉलरीला दोरा संपला म्हणून तिने मान वर केली. शेजारची बाई बाह्या शिवत होती, पलीकडची कफ. खिडकीपाशी एक मुलगी शर्टांच्या पुढच्या भागांना काजं करत होती. सगळ्यांचं कापड निळ्या रेघांचं. मावशीच्या गठ्ठ्यावर मापाची चिठ्ठी होती, बेचाळीस. बाह्यांवर बेचाळीस. कफांवरही बेचाळीस. नोकरी एकाच तऱ्हेची, मग परीक्षा सहा तऱ्हेच्या कशा? सहा जणी मिळून बारा शर्ट शिवत होत्या, तेही फुकटात.

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. मावशीने नवा दोरा ओवला. उठलं तर खोली हातची जाणार. न जाणो, खरंच घेतील, असं म्हणून तिने उरलेल्या चार कॉलरीही शिवल्या. या आशेचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मग तिने विचारलं, "साहेब, आमच्यातल्या किती जणींना घेणार?"

"बघू. उद्या आणखी सहा जणी यायच्यात."

"त्यांनाही हेच?"

"नाही, त्यांना चव्वेचाळीस," तो बोलून गेला.

मावशीने धागे कापायची कात्री उचलली. दर चौथा टाका तोडायचा आणि खालचा दोरा ओढायचा, शिलाई सरसर निघते. सुपरवायझर धावत आला.

"अहो चार नंबर! काय करताय? तुमचं नाव जवळजवळ पक्कं होतं!"

तिचा हात थांबला. खोली अगदी डोळ्यांपुढे आली, दाराला आतून लावायच्या कडीसकट.

"जवळजवळ?" तिने विचारलं.

कात्री पुन्हा चालू झाली. बाकीच्या जणी खाली मान घालून शिवत राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे, थोडासा देते.

अकरा कॉलरी उसवून मावशीने सगळे तुकडे घडी करून परत गठ्ठ्यात बांधले. बारावी तशीच शिवलेली ठेवली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"ही घ्या. परीक्षा एका कॉलरीत होते. बाकीचं काम होतं."

घरी आल्यावर आई आधी ओरडली, मग रडली. मावशी पुढचे पंधरा दिवस फोन हाताशी ठेवून होती. त्यांचा फोन आला नाही. सतरंजी अजून बाहेरच्याच खोलीत आहे. कुणी मुलाखतीचं विचारलं की ती म्हणते, "पास झाले असणार. कॉलर चांगली होती."