आप्पांचे पक्के वाफे

आमचे घरमालक आप्पा बागेतले वाफे धुमसाने ठोकत. धुमस म्हणजे रस्त्याची माती दाबायचा लांब दांड्याचा लोखंडी ठोकळा. सरकारी रस्त्यांवर ओव्हरसियर म्हणून जन्म गेलेला. सैल माती दिसली की त्यांना स्वतःचीच लाज वाटे.

कर्वेनगरात त्यांच्या मागच्या खोलीत राहून मी बी.ए. केलं. माघ लागला की आप्पा अंगण झाडून, दोरी लावून वाफे खणत, शेणखत घालत, पाणी मारत आणि मग धाड धाड ठोकत. माझ्या खिडकीची तावदानं थरथरत. शेवटी टाच आपटून म्हणत, "आता ट्रक घाला!" ट्रक येत नसे, भेंडीही येत नसे. "बियाण्यात दम नाही," हा दरवर्षीचा निकाल.

मी लोणी काळभोरचा, शेतकऱ्याचा मुलगा. घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिलाच. पण माती काय असते ते मला कॉलेजने शिकवलेलं नाही. एकदा म्हणालो, "आप्पा, माती भुसभुशीत पाहिजे."

"अहो, तुमचा विषय इतिहास ना? मग झालेलं सांगा. होणारं आम्ही बघतो."

आप्पांच्या बायकोची, काकूंची, मात्र एकच इच्छा होती, घरची भेंडी एकदा खायची. शेवटच्या वर्षी आप्पा लग्नाला साताऱ्याला गेले, तेव्हा मी एक वाफा उकरला आणि काकूंनी बी टोकलं. आप्पा परतले आणि सवयीने टाच आपटली. पाय घोट्यापर्यंत आत.

"कोणी उकरलं? खोली खाली करा!"

परीक्षा तीन आठवड्यांवर. काकू पुढे झाल्या. "मी उकरलं. कुठली खोली खाली करू? स्वयंपाकाची?"

आप्पा पायाची माती झटकत आत गेले. माझी परीक्षा संपली आणि भेंडी ताटात आली. आप्पांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. म्हणाले, "खालचा थर माझा होता. पाया पक्का, म्हणून आली."

मी खोली सोडली त्या दिवशी त्यांनी धुमस माझ्या खांद्यावर ठेवला. "गावाला न्या. तुमच्याकडे सगळंच सैल." बसच्या कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

पुढे आप्पा गेले. काकूंनी पाकिटातून त्याच भेंडीचं बी पाठवलं. मी वाफा छान भुसभुशीत केला, बी टोकलं आणि कोणी बघत नाहीसं पाहून धुमसाचे दोन ठोके दिले, आप्पांच्या नावाने. राहवेना, आणखी चार दिले. टाच आपटून पाहिली. पक्कं.

काही म्हणजे काही उगवलं नाही. ठोक्यांचं न लिहिता काकूंना तसं कळवलं. कार्डावर एका ओळीचं उत्तर आलं: "बरं झालं. उगवलं असतं तर ह्यांना वाईट वाटलं असतं."