सासरेबुवांचा आग्रह

'नको' हा शब्द ज्याला ऐकूच येत नाही असा माणूस साऱ्या मुंबईत एकच आहे, आणि नेमकं त्याच्याच मुलीशी माझं लग्न झालं. तसे माझ्या सासऱ्यांचे कान ठणठणीत आहेत. लालबागच्या घरात आतल्या खोलीत कुणी पापडाचा डबा उघडला तरी त्यांना गॅलरीत कळतं. पण पानावरून आलेला नकार काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्या मते जेवणारा पहिल्यांदा नको म्हणतो तो रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो तो वाढणाऱ्याची परीक्षा पाहायला, आणि तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा त्याला खरी भूक लागलेली असते. पहिल्या दिवाळसणाला मी पानावर हात आडवा धरला, तर त्यांनी हातावरच बासुंदी ओतली आणि मी तो चाटून साफ करेपर्यंत समोर उभे राहिले. पोटात आता जागा नाही, असं मी काकुळतीने सांगितलं. "जागा नाय म्हणजे काय, जावयबापू? हयच्या दहा बाय बाराच्या खोलीत आमी अकरा जण निजत होतो. तुमच्या पोटात एक वडो मावणा नाय?" मी वडा खाल्ला आणि पुढचे दोन दिवस लिंबूपाण्यावर काढले.

ते कामाला होते ती कापडगिरणी बंद पडल्यावर त्यांनी मसाल्याच्या दुकानात काउंटर सांभाळला. पाव किलो मसाला घ्यायला आलेली बाई दोन किलो घेऊन जायची आणि वर त्यांनाच धन्यवाद द्यायची. निवडणुकीत सगळ्या पक्षांचे उमेदवार त्यांच्या दारी येतात, आणि दोन-दोन घावणे खाऊन, भाषण विसरून जिना उतरतात. एकदा त्यांच्या एका मित्राचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सासरे भेटायला गेले, बिचारा सकाळपासून उपाशी आहे हे ऐकून कळवळले आणि त्याला दोन केळी भरवून आले. ऑपरेशन पुढे ढकललं. मित्राची बायको पुढे कित्येक महिने बोलत नव्हती, पण ती बोलू लागली तीही यांच्याच पंगतीत. इतकंच कशाला, त्यांच्या देवांनाही रोज पंचामृताने आंघोळ असते आणि पूजा आटोपली की पळी घेऊन ते घरभर फिरतात. तीर्थसुद्धा ते दोनदा वाढतात.

अशा माणसाच्या पदरी देवाने नात दिली ती न जेवणारी. मनवा, माझ्या मेव्हण्याची मुलगी. एक घास ती इतका वेळ चावायची की शेजारचं माणूस जेवून, हात धुऊन परत यायचं. प्रत्येक घासावर घोटभर पाणी. पोळी बघितली की चेहरा पडायचा, आणि शाळेचा डबा जसा जायचा तसाच परत यायचा. वजन वाढेना. शेजारीपाजारी म्हणत, नाटकं आहेत, मोबाईल काढून घ्या. सासऱ्यांना मात्र यात स्वतःच्या कलेला आव्हान दिसलं. "पोराक भूक नसता गो, भूक लावची लागता," असं सुनेला समजावत ते ताट घेऊन पोरीच्या मागे फिरत. चिऊचा घास, काऊचा घास, गणपतीच्या उंदराचा घास. एका रविवारी आजोबांच्या नावाचा घास झाला आणि त्यातला कोंबडीचा तुकडा अडकला. वर येईना, खाली जाईना. थुंकीही गिळता येईना, म्हणून पोर तोंडाशी रुमाल धरून बसून राहिली. परळच्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून तो तुकडा काढला. सासरे बाहेरच्या बाकावर खाली मान घालून बसले होते. त्या दिवशी मी त्यांना चहा आणून दिला, आणि तो त्यांनी कुणालाही न विचारता एकट्याने प्यायला. तेव्हा मला खरी भीती वाटली.

आजाराचं नाव निघालं इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. उच्चारतानाच घशात अडकावं असं नाव. डॉक्टरीणबाई मात्र समजावण्यात हुशार होत्या. त्या म्हणाल्या, हिची अन्ननलिका आतून सुजते आणि अरुंद होते. पोर हट्टी नाही, तिला खरंच गिळता येत नाही. काही मुलांच्या शरीराला एखादा पदार्थ सोसत नाही, पण तो कुठला हे अंगावर टोचून नक्की कळत नाही. म्हणून पदार्थ पूर्ण बंद करायचा, काही आठवडे थांबायचं, पुन्हा दुर्बिणीने पाहायचं. सुरुवात दुधापासून, कारण बहुतेक वेळा तेच नडतं. दूध, दही, लोणी, तूप, खवा, सगळं बंद. "थोडंसं चालेल, असं काही नसतं," त्यांनी बजावलं. दुधाची भरपाई कशाने करायची, नाचणी, कडधान्यं, बारीक मासळी, तेही त्यांनी नीट सांगितलं.

आणि सासऱ्यांच्या आग्रहाने तोंड फिरवलं. आजवर जेवढ्या जोमाने वाढलं तेवढ्याच जोमाने ते अडवू लागले. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ते भिंगातून वाचत. नातवाच्या पास होण्याचे पेढे घेऊन आलेल्या शेजारणीला त्यांनी उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि पोराचे मार्क तिथूनच ऐकून घेतले. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की हे फाटकाशी नाचणीचा लाडू घेऊन हजर. गणपतीत खव्याचे मोदक वाटणाऱ्या एका कार्यकर्त्याला त्यांनी असा दम भरला की तो मंडपातून थेट चहाच्या टपरीमागे जाऊन बसला. घरात सासूबाईंना जेवणासाठी दही लावायचीही चोरी झाली. लालबागमध्ये एवढा कडक पहारा मी विसर्जनाच्या दिवशीही पाहिलेला नाही.

आठवडे सरले आणि पुन्हा दुर्बीण घातली. सूज होती तशीच! मेव्हण्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून रिपोर्टच्या दिवशी मनवाला, तिच्या आईला आणि सासऱ्यांना घेऊन मी गेलो होतो. डॉक्टरीणबाईंचाही चेहरा उतरला. दूध बंद करून फरक नाही म्हणजे आता गहू बंद, मग अंडी, सोयाबीन, शेंगदाणे आणि मासळीसुद्धा, त्या म्हणाल्या. मासळीचं नाव निघताच मनवाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर आधीच काडी झालेली. जे दोन-चार पदार्थ तिच्या घशाखाली उतरत होते, त्यांत बोंबलाचं कालवण पहिलं होतं. ते गेलं तर उरणार काय, हाच प्रश्न आम्हा सगळ्यांच्या तोंडावर होता. औषधाचाही मार्ग आहे, म्हणत डॉक्टरीणबाईंनी धीर दिला आणि शेवटचं म्हणून पोरीलाच जवळ घेऊन विचारलं, "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं गं तुझ्या? सगळं सांग, पाणीसुद्धा."

मनवा म्हणाली, "आधी दात घासते. मग तीर्थ. मग नाचणीची पेज..."

"तीर्थ?"

"तीर्थ खाणत नाय, डॉक्टरीणबाई," सासरे मध्येच समजुतीने म्हणाले. "तीर्थ घेतत. ता काय अन्न नाय. पोरीक बरा वाटांदे म्हणान मी रोज दोन पळी जास्तच देतंय."

"त्यात काय काय घालता, आजोबा?"

हा प्रश्न त्यांच्या आवडीचा. त्यांनी एकेक बोट दुमडत सुरुवात केली. "दूध. दही..." तिसरं बोट दुमडता दुमडता थांबलं. तूप त्यांच्या तोंडातून बाहेर पडलंच नाही.

मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याला पोटाशी धरावं असंही वाटत होतं. ज्याने अख्ख्या लालबागचे पेढे अडवले त्याने रोज सकाळी स्वतःच्या हाताने पोरीला दूध पाजलं होतं, आणि ते तिला बरं वाटावं म्हणून! डॉक्टरीणबाई खरोखर थोर. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याही घरी पंचामृत होतं, आजोबा. विचारायला हवं होतं ते मीच विसरले. आत्ता दुसरं काही बंद करायचं नाही. तीर्थ थांबवा आणि पुन्हा बघू."

घरी येऊन सासऱ्यांनी हातपाय धुतले आणि देवासमोर उभे राहून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आजपासून तुझा दूध बंद. नळाच्या पाण्यान आंघोळ घाल्तलंय, ती गोड मानून घे. तुका राग इलो तर माझ्यार काढ, पण ह्या पोरीचो घास सरळ उतरांदे रे म्हाराजा!" मागून मनवाने जोरात ओरडून "व्हय म्हाराजा!" म्हटलं. देवाला पथ्यावर ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. देवाने ते निमूट पाळलं. एरवी यांच्यापुढे त्याचं तरी काय चाललं असतं म्हणा.

पुढच्या दुर्बिणीत सूज उतरली होती. चोर एकटं दूधच निघालं, गहू आणि मासळी सुटली. मग बिल्डिंगची वार्षिक पूजा आली. चाळीचा टॉवर झाल्यापासून पंगत पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत बसते, पण वाढायला सासरेच. वड्यांची परात घेऊन ते माझ्यावर अत्याचार करत होते, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "आजोबा, मला आणखी एक वडा."

मनवाचं पान रिकामं होतं. जन्मात पहिल्यांदा त्या पोरीने आपण होऊन काही मागितलं होतं. आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात वाढताना कुणाची परवानगी घेतली नाही ते माझे सासरे परात धरून जागच्या जागी थांबले. पीठ त्यांनीच दळून आणलं होतं, त्यात काय काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. तरी सुनेकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "वाडू काय गो? चलात मा?" तिने मान हलवली. त्यांनी वडा वाढला, आणि ती चावते कशी, गिळते कशी हे बघत तिथेच उभे राहिले. बाकीची पंगत वड्यांसाठी ताटकळली आणि कुणी हाक मारली नाही.

तेव्हापासून ते बदलले. आता प्रत्येक पानापाशी थांबून आधी विचारतात, "तुमका काय चलणा नाय?" लोकांना हे फार आवडतं. कुणी नको म्हटलं की ते "बरा" म्हणतात आणि खरंच पुढे जातात. गेल्या दिवाळीत मी जुन्या सवयीने पानावर हात आडवा धरला. सासरे क्षणभर थांबले, माझ्या हाताकडे पाहिलं, मान डोलावली आणि शेजारच्या पानाकडे वळले. मी हात तसाच धरून बसलो होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासुरवाडीत पानावरून मी उपाशी उठलो तो त्याच दिवशी.