उदारामची कॅन

उदारामशी लग्न झालं तेव्हापासून सुमित्राबाईचं अर्धं आयुष्य त्याला हाका मारण्यात गेलं. ताट वाढलं की हा बांधावर. पाहुणे आले की हा बोडीच्या तळ्यावर. आणि दवाखान्याचं नाव काढलं की हा गावातच नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हाही डॉक्टर सोडून बाजारातून दुखण्याच्या गोळ्या आणायचा आणि फुटाण्यासारख्या खायचा. वर्षानुवर्षं. तिने टोकलं की म्हणायचा, "दुखनं पाहून काम थांबते का?" काम काही थांबलं नाही. पण यंदा धान कापणीला आलं आणि त्याचे पाय सुजले, सकाळी डोळ्यांखाली पिशव्या लोंबायला लागल्या, तेव्हा कुठे हा बाबा तिच्यासोबत गोंदियाला जायला तयार झाला.

दवाखान्यातल्या प्रेमिला सिस्टरने एक पांढरी कॅन दिली. उद्या सकाळची पहिली लघवी सोडायची. मग दिवसभराची, रात्रीची आणि परवा सकाळची, सगळी या कॅनमध्ये. किती होते ते पाहून डॉक्टर ठरवणार होते, गोळ्यांवर भागतं की रक्त मशीनवर धुवावं लागतं.

उदाराम पंख्याकडे बघत बसला होता, जणू दुसऱ्याच कोणाचं चाललंय. शेवटी सुमित्राबाईनेच विचारलं, "बाई, लघवी मोजून रक्ताचं कसं समजते?"

सिस्टर म्हणाली, "किडनीत लाखो बारीक चाळण्या असतात. रक्त त्यांच्यातून फिरतं. रक्तातलं मोठं सामान वर राहतं. पाणी, मीठ, साखर, घाण खाली गळतं. पुढे बारीक नळ्या असतात. त्या गळलेल्यातलं कामाचं ते परत रक्तात ओढून घेतात. पाणी तर बहुतेक सगळंच परत जातं. उरते ती लघवी."

सुमित्राबाईला ते चटकन समजलं. दिवाळीत आपण तेच करतो. घरातलं सगळं अंगणात काढायचं, कामाचं परत आत न्यायचं, राहिलेला कचरा फेकायचा.

"मंग यायच्या गोळ्यांनं का केलं?"

"त्या चाळण्या खराब केल्या. आता नीट गळतच नाही. पाणी आणि घाण अंगातच राहते. म्हणून तर पाय सुजले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमित्राबाईने कॅन मोरीत ठेवली, शंभरदा बजावलं, चुलीपाशी गेली, आणि परत येते तर कॅन मोरीत आणि उदाराम गायब. ती कॅन पदराखाली धरून खळ्याकडे निघाली. वाटेत शेजारचा दुधराम भेटला.

"दूध घेऊन चालली का वो?"

"हो. पाजू का तुले?" ती म्हणाली आणि थांबली नाही.

उदाराम कापलेल्या धानाच्या रचलेल्या पुंजण्यामागून येत होता. तिचं डोकंच फिरलं.

"सांडलं ना तिकडं?"

"नाई वो."

"मंग कायले गेले होते? पुंजन्याले गोष्टी सांगाले?"

तो गोठ्याकडे चालू लागला. दिवसभर हेच. हा गोठ्यामागे, ही कॅन घेऊन मागे. हा बोडीच्या पाळीवर, ही धापा टाकत पाळ चढून वर. संध्याकाळी कॅनच्या बुडाशी जेमतेम वाटीभर जमलं होतं. बाकीचं या माणसाने गावभर सांडलं, याबद्दल तिची खात्री होती. लग्न होऊन भंडाऱ्याला गेलेल्या लेकीला, टीनाला, फोन लावून ती तावातावाने म्हणाली, "तुझ्या बापाले साधं मुतता येत नाई सांगितल्या जागी."

सकाळी उठून पाहते तर कॅन गळ्यापर्यंत भरलेली. क्षणभर तिला बरंच वाटलं. मग तिने झाकण काढलं. आत विहिरीच्या पाण्यासारखं नितळ, वास नाही. कॅन बाहेरून ओली होती आणि शेजारी लोटा पडला होता.

"अवो, आता का करू मी तुमचं? पानी कायले टाकलं?"

उदाराम खाटेवर बसला होता. सुजलेली बोटं गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "एवढीशी पाहून ते मशीनवर बसवतील वो. मंग वावर कोन पाहील?"

"एवढीशी कशी? कालची सांडली तुमी."

"कुठं सांडली? मी पुंजन्यामागं नुसता उभा होतो. जोर करून करून थकलो. येतच नाई."

"कालपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून कमी कमीच होत चालली."

सुमित्राबाई तिथेच दारात खाली बसली. दिवाळीपासून ती "कुठं गायब होता" म्हणून याच्या मागे ओरडत होती, आणि हा जागा बदलून बदलून उभा राहत होता. राग तर इतका आला की लोटा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. त्याचा राग, त्याहून स्वतःचा. तिने कॅन मोरीत ओतून दिली आणि लुगडं बदलून आली.

"चला. आताची एसटी धरू."

दवाखान्यात सिस्टरने रिकामी कॅन हलवून पाहिली आणि सुमित्राबाईकडे बघितलं. सुमित्राबाई सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात उदारामच बोलला.

"लघवी येतच नाई, बाई. कॅन मी पान्यानं भरली होती. हिनं ओतून देली."

सिस्टरने त्याचा पाय बोटाने दाबला. बोट काढल्यावरही खळगा तसाच राहिला. ती लगबगीने आत गेली, आणि लगेच आतून डॉक्टरांनी उदारामचं नाव पुकारलं.

पहिल्याच हाकेला तो उठून उभा राहिला, आणि सुमित्राबाईला तेव्हा खरी भीती वाटली.