मामांच्या ताटाचा पंचनामा

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात स्वतःच्या ताटाविरुद्ध फिर्याद गुदरणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो माझ्या कुटुंबाचा, म्हणजे बायकोचा, सख्खा मामा होता. लोक दुष्काळाने बारीक होतात, तापाने होतात, सुनेच्या हातच्या स्वयंपाकानेही होतात. पण कायद्याने बारीक झालेला माणूस मी मामांखेरीज पाहिला नाही. तीस वर्षे मामलेदार कचेरीत काढून ते शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा काही सुटली नाही. नातवंडाने दूध सांडले की ते आधी "घटनास्थळ कोणी हलवू नका" म्हणत आणि मग फडके मागवत. घरात मांजर शिरले तर त्याचा इरादा काय होता, याची चौकशी होई.

अशा माणसाला मधुमेह व्हावा, हे त्या रोगाचे दुर्दैव. मामांना तहान फार लागू लागली, अंगरख्याचे बंद पोटावर जुळेनात, आणि परसात ते जिथे लघवीला बसत तिथे मुंग्यांची रांग दिसू लागली. कल्याणच्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडे मी त्यांना आगगाडीने घेऊन गेलो. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मुंग्यांचे विचारले. मामा म्हणाले, "साक्षीदार पुष्कळ आहेत, पण एकाच बाजूचे." वैद्यांना हसू आले नाही. त्यांनी सांगितले की गूळ, साखर, नवा तांदूळ, दही आणि दुपारची झोप बंद. जवाची भाकरी, मूग, पडवळ, कारले, ताजे ताक, सकाळी हळद-आवळकाठी, आणि दोन वेळा पाय दुखेपर्यंत चालणे. "वजन उतरलं तर दहा वर्षं सुखाने जगाल," ते म्हणाले, "नाही उतरलं तर पायाला जपा. या रोगात पायाची जखम भरत नाही." परतीच्या वाटेवर मामा खाडी ओलांडेपर्यंत बंद झालेले पदार्थ बोटांवर मोजत होते. मग म्हणाले, "जावईबापू, आरोपी सराईत आहे. नुसत्या ताकिदीने ऐकायचा नाही. पुरावा ठेवावा लागेल."

त्या संध्याकाळपासून मामांच्या ताटाचा रोज पंचनामा होऊ लागला. पंच दोन. एक मी, कारण माझे बिऱ्हाड त्यांच्या शेजारच्याच आळीत होते आणि नुकतीच वकिलीची सनद मिळाल्यामुळे मला काम असे नव्हतेच, दुसऱ्या मामी. मामींना लिहिता येत नसे, म्हणून त्या दस्तावर करतात तशी बांगडीची निशाणी करत. अडचण सोवळ्याची होती. कोर्टाच्या कपड्यांत मला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे आणि सोवळ्यात बसलेल्या मामांना कागद शिवता येत नसे. मी ओटीवर बसून लिहावे आणि आतून मामांनी सांगावे, असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी मामांनीच हरकत घेतली की पंचाने मुद्देमाल डोळ्यांनी पाहिलेला नाही. तेव्हापासून मामी वाढलेले ताट उचलून उंबरठ्याशी आणून धरत, मी समईच्या उजेडात ते नीट न्याहाळून मोडीत टिपून घेई, आणि मग ते आत जाई. तोवर भाकरी गार होई. मामा म्हणत, गार भाकरी कमी जाते, तोही फायदाच आहे.

पंचनाम्याची भाषा त्यांची, अक्षर माझे. "जवाची भाकरी एक, कड एके ठिकाणी फुटलेली. तिच्या पूर्वेस मीठ, दक्षिणेस पडवळाची भाजी, पश्चिमेस ताकाची वाटी, उत्तरेस आरोपी स्वतः बसला आहे." आमटीत गूळ नसल्याचे रोज वेगळे नमूद होई. आमच्यात गुळाशिवाय आमटी म्हणजे सुतकातले जेवण, आणि मामी सुरुवातीला दोन आमट्या करत, एक मामांची आणि एक घराची. पंधरा दिवसांनी घराची आमटी बंद झाली. मामींनी कोणाला सांगितले नाही, फक्त त्या दिवसापासून गुळाची ढेप फडताळातून शेजारणीकडे गेली. कारले मिठात चोळून, पिळून, तव्यावर चमचाभर तेलात इतके खरपूस करत की मीही मागून घेई. जवाचे पीठ हाताला धरत नाही, भाकरी थापताना चिरते. मामी ते गरम पाण्यात उकडून घेऊ लागल्या आणि चिरा गेल्या. पंचनाम्यात त्याचीही नोंद झाली, "कड अभंग" अशी.

गुन्हे घडत नसत असे नाही. वैशाखात एकदा मामा सकाळीच माझ्याकडे आले आणि उभ्याउभ्या कबुलीजबाब लिहून दिला की आरोपीने काल दुपारी घरात कोणी नसताना एक आंबा कोयीसह नाहीसा केला. शिक्षा तलावाला तीन प्रदक्षिणांची. मी विचारले, निकाल कोणी दिला? "न्यायाधीश घरी भाकरी थापताहेत," ते म्हणाले आणि चालू लागले. दर एकादशीला ते वजन करायला खाडीकडे मिठागराच्या वखारीत जात, कारण त्यांच्या आकाराचा माणूस मावेल असा काटा तेवढाच होता. एका पारड्यात मामा, दुसऱ्यात मिठाच्या गोणी. पहिल्या वेळी आजूबाजूच्या आगरी बायका जमल्या आणि टोपल्या पुढे करून बसल्या. त्यांना वाटले, तुळादान आहे. एक म्हातारी म्हणाली, "भटजीबुवा, मीठ कवा वाटनार? आमीपन बसताव रांगेत." मामांनी तिला गंभीरपणे सांगितले की हे दान नाही, जप्ती आहे.

आणि खरेच, जप्ती होत गेली. वर्षभरात अर्धी गोण मामा कमी झाले. अंगरख्याचे बंद जुळले, तहान गेली, मुंग्या यायच्या थांबल्या. पंगतीत ते पानावर हात आडवा धरून एकदाच "नको" म्हणत, आणि आग्रह करकरून वाढणारे नावाजलेले यजमानही त्या हातापुढे थांबत. मामी मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या लिहिण्याने हे जगले हो." मी तेव्हा सुखावलो होतो. आता ते वाक्य आठवू नये असे वाटते.

कारण पुढे मी जे केले ते असे. वह्या मामांकडे वाळवी लागेल म्हणून माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या. कोर्टात वकिलांच्या खोलीत मला कोणी विचारत नसे. मोठे वकील पान खात गप्पा मारत आणि मी खिडकीशी उभा राहून हसण्यापुरता हसे. एके दिवशी कशावरून तरी मामांचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून गेले की माझ्याकडे ते सगळे लेखी आहे. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो. ती मी मामांच्या आवाजात वाचली, त्यांच्यासारखा घसा खाकरून. "उत्तरेस आरोपी स्वतः" इथे एका पोक्त वकिलांना ठसका लागला आणि त्यांनी मला बसायला आपल्या शेजारची खुर्ची दिली. मी आंब्याचा कबुलीजबाब वाचला. मी बांगडीची निशाणीही दाखवली. हशा थांबेना म्हणून वर पाहिले, तर दारात मामा. कुठल्याशा जुन्या कागदावर सही करायला त्यांना कचेरीत बोलावले होते, तिथून ते मला भेटायला आले होते.

ते रागावले नाहीत. सगळ्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "त्या दिवशी लसणीची चटणीपण होती. ती वाचायची राहिली." पुन्हा हशा झाला. मामाही हसले आणि निघून गेले. मी स्वतःची समजूत घातली की त्यांनी गमतीवारी नेले. त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी मी ओटीवर गेलो. मामी ताट घेऊन उंबरठ्याशी आल्या तोच आतून मामांचा आवाज आला, "इकडे आण. गार होईल." मामी माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काही ठाऊक नव्हते. मी दौत उचलली आणि घरी आलो.

पुढच्या महिन्यात कल्याणला एका मुंजीत आम्ही दोघे एकाच पंगतीला, शेजारी शेजारी होतो. जिलब्यांची परात आली. मामांनी पानावर हात आडवा धरला. तेव्हा यजमानांनी लांबून आवाज दिला, "अहो, शिरस्तेदारांना पंचनामा करून वाढा. पंच शेजारीच बसलेत." दोन्ही बाजूंच्या पंगती हसल्या. कोर्टातली गोष्ट गाडीत बसून कल्याणला केव्हाच पोचली होती. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलेन असे त्यांना वाटले असावे. मी वकील होतो, बोलणे हा माझा धंदा होता. मी सगळ्यांबरोबर हसलो. मामांनी पानावरचा हात काढून घेतला. पाच जिलब्या पडल्या, त्यांनी पाचही खाल्ल्या, आणि लोक म्हणाले, याला म्हणतात जेवण.

त्यानंतर ते सगळीकडे जेवू लागले. मी एकदा भीतभीत विषय काढला, तेव्हा म्हणाले, "राहू द्या हो. माणसांत राहायचं तर माणसांसारखं जेवावं." वखारीत जाणे थांबले. मामी घरी जवाची भाकरी करतच होत्या, पण बाहेरच्या पंगतीपुढे त्यांचे काही चालत नव्हते. तीन वर्षांनी नव्या वहाणेने मामांच्या टाचेला फोड आला, तो फुटला आणि भरला नाही. वैद्यांनी सांगितले होते ते माझ्या समक्ष सांगितले होते.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी रोज जाऊन बसू लागलो. माफी मागायची म्हणून जाई आणि कोर्टातल्या बातम्या सांगून परत येई. शेवटी एका दुपारी मी म्हणालो, "मामा, पुन्हा सुरू करू. मी रोज येऊन लिहितो. अजून वेळ गेलेली नाही."

मामा आढ्याकडे पाहत होते. म्हणाले, "करू की. पण पंच बदलावे लागतील."

आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपे गेले असते. मी मान खाली घातली आणि जे तीन वर्षे सांगायचे राहिले होते ते सांगितले, वकिलांच्या खोलीतले, पंगतीतले, सगळे. त्यांनी ऐकून घेतले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही लिहिलंत त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, जावईबापू. फक्त ते माझ्यासाठी होतं." दहा-बारा दिवसांनी ते गेले.

त्यांच्याविषयी लिहावे असे पुष्कळ वर्षे मनात होते, म्हणून हे लिहिले. लिहिताना दोन ठिकाणी मला पुन्हा हसू आले, आणि वाचताना तुम्हीही हसला असाल. या वेळीही मी त्यांना विचारलेले नाही.