कान्याला घर लागतं

हल्ली माझी नात कॉम्प्युटरवर तक्ता काढते. रेघ धरून ओढली की रकाना रुंद होतो, मजकूर मावला नाही तर आपणहून खालच्या ओळीत उतरतो. मी शेजारी बसून बघते आणि मनातल्या मनात जळते. आमच्या वेळी मजकूर मावला नाही की कागद चुरगाळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ते सत्तरच्या दशकातलं दुष्काळाचं वर्ष होतं. आमचं गाव माण तालुक्यातलं. वडील मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी कृष्णाकाठाला उतरले होते, आई गावाजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि मी सांगलीत मावशीकडे राहून मराठी टायपिंग शिकत होते. मला नोकरी लागली की आईच्या हातातला हातोडा सुटणार, एवढी साधी गोष्ट होती. त्यामुळे क्लासात मी कुणाशी गोड बोलायला गेले नाही. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तसा स्वभावही नव्हता.

क्लासात तक्त्याला ‘स्टेटमेंट’ म्हणत आणि त्याला सगळेच टरकून असत. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द शोधायचा, त्याला किती घरं लागतात ते मोजायचं, मग मशीनवर त्या त्या जागी टॅब लावायचे, म्हणजे कळ दाबली की कागद नेमका तिथे येऊन थांबतो. एका ठोक्याला कागद धरणारी गाडी जेवढी सरकते तेवढं एक घर. मराठी मशीनची गंमत अशी, की उकार आणि मात्रा अक्षराच्याच घरात राहतात, भाडं न देणाऱ्या पाहुण्यांसारखे. काना मात्र स्वतःचं वेगळं घर मागतो. आमचे सर रोज बजावत, "तोंडानं मोजू नका, बोटानं मोजा. कान्याला घर लागतं."

कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकांना ऑफिसात मराठी टाइप करणारं माणूस हवं होतं. सरांनी मला पाठवलं. मालकांनी पुढ्यात हाताने लिहिलेला कागद ठेवला. कुठल्या गावात कोणता विक्रेता कोणता माल ठेवतो, त्याची ती माहिती होती. "एका पानात बसव," ते म्हणाले, "बसलं तर उद्यापासून ये."

मी घाबरले होते. घाबरलं की माणूस शाळेत शिकलेलं पहिलं तेच करतं. मी गावांची नावं पुटपुटत अक्षरं मोजली. सा-ता-रा, तीन. टॅब लावले आणि धडाधड सुरुवात केली. पहिल्याच ओळीत एक रकाना दुसऱ्याच्या अंगावर चढला. मी पुढचे टॅब सरकवत गेले, तर ‘शेरा’ हा शेवटचा रकाना यायच्या आधीच ओळ संपल्याची मशीनची घंटी वाजली आणि कागद संपला.

मला असा राग आला! मी कागद ओढून काढला आणि बोलून बसले, "ह्यो कागदच बारका हाय!"

मालक मोठ्याने हसले. "कागदावर कशाला डाफरतीस, पोरी? च्या घे आन् परत मोज. कोन पळत न्हाई."

चहा घेताना मी टेबलावर बोटं आपटून पाहिली. स, काना, त, काना, र, काना. तीन अक्षरांचं सातारा, पण घरं सहा! सर रोज ओरडत होते ते आता कळलं. पण कळून उपयोग काय? नीट मोजलं तरी सगळे रकाने त्या पानात मावेनात. मी मालकांच्या कागदाकडे बघत बसले. गावापुढे जिल्हा, प्रत्येक ओळीत तोच. मलकापूर, सातारा. दहिवडी, सातारा. कुपवाड, सांगली. अरे, हे कशासाठी पुन्हा पुन्हा लिहायचं?

मी जिल्ह्याचा रकानाच उडवला. ‘सातारा जिल्हा’ असं एकदाच वर मधोमध टाइप केलं आणि खाली त्याची गावं. मग ‘सांगली जिल्हा’ आणि त्याची गावं. या वेळी शेऱ्याला जागा मिळाली, शिवाय कडेला समासही राहिला. पेनाने पट्टी धरून रेघा मारल्या आणि पान मालकांपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. "जिल्ह्याचा रकाना कुठं गेला?"

"वर नेला. समदी गावं त्याच्याच पोटात हायती. दर ओळीला त्येला कशाला हाक मारायची?"

त्यांनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लय बेस. असंच पायजे. उद्या येताना डबा घिऊन ये."

पुढच्या रविवारी मी एसटीने गाव गाठलं आणि थेट आईच्या कामावर गेले. बाया ओळीने उन्हात बसल्या होत्या. आईने मला लांबूनच ओळखलं, पण उठली नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "लागली नोकरी. चल सांगलीला."

तिने हातोडा खाली ठेवला आणि लुगडं झटकत उभी राहिली. शेजारच्या बाईने विचारलं, "आवं, कवा येनार माघारी?"

"आता न्हाई यायची मी," आई म्हणाली. "माझी लेक कमवती!" हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं, की पार टोकाला बसलेल्या बायकांनीही माना वर केल्या. मला रडू फुटलं. ती मात्र माझा हात धरून ताठ चालत होती.