खणातले फोन

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना बिल्लेकाका म्हणत.

कारखाना चष्म्याच्या भिंगांचा. तिथं घासणीच्या चाकासमोर उभं राहून काकांनी बावीस वर्षं काढली, आणि मग गुडघ्यांनी एक दिवस साफ नकार दिला. मालकांनी त्यांना घरी न पाठवता फाटकालगतच्या खोलीत खुर्ची दिली. काम सोपं होतं. चाक फिरत असताना एकाचं लक्ष फोनकडे गेलं आणि बोटाचं पेर गेलं, तेव्हापासून आत फोन न्यायला बंदी होती. भिंतीला टेकून एक लाकडी मांडणी उभी होती, तिला ऐंशी खण. येणाऱ्यानं फोन खिडकीतून द्यायचा, काकांनी तो खणात सरकवायचा आणि त्या नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवायचा. भोंगा झाला की हेच उलट.

खुर्चीत बसून माणूस पाहण्यापलीकडे काय करणार? काका पाहत. पॉलिशवाले दोघे कुठल्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत, पॅकिंगमधल्या पोरी कुणाच्या नावानं हसतात, कोण कुणाच्या शेजारी डबा उघडतो, सगळं त्यांना तोंडपाठ. "काका, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं," असं कुणी म्हटलं की ते खूश होत.

त्यांच्या स्वतःच्या डब्याला सोबत होती ताईंची. ताई तयार भिंगं दिव्यासमोर धरून ओरखडे शोधायच्या. पन्नाशीच्या, बेताच्या बोलणाऱ्या, लग्न न केलेल्या. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण माई, दोघीच. माईंना दमा होता. बारा वर्षं काका आणि ताई दुपारी त्या खोलीत एका बाकावर बसून जेवत आले होते. काकांची बायको चेष्टेनं म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या बाईबरोबर तुमचे जास्त घास झालेत." तेही खोटं नव्हतं.

मग साथ आली. कारखाना दोन महिने बंद राहिला आणि उघडला तेव्हा नवा नियम आला. प्रत्येकाच्या फोनमध्ये साथीचं ते सरकारी अ‍ॅप हवं. आजारी माणसाचा फोन तुमच्या फोनजवळ पंधरा मिनिटं राहिला असेल, तर अ‍ॅप तुम्हाला कळवणार. मग दहा दिवस घरात बसायचं. काकांनी प्रत्येकाच्या फोनमध्ये अ‍ॅप आहे ना हे बघून मगच बिल्ला द्यायचा, असा हुकूम निघाला. काका आणि ताई आता बाकाच्या दोन टोकांना बसू लागले, मधे पाण्याची कळशी.

तिसऱ्या आठवड्यात घासणीतला एक माणूस आजारी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रेपन्न फोन एकदम वाजले. कारखाना दहा दिवस बंद. सगळ्यांची रोजी बुडाली आणि आजारी पडलं कोण? त्या माणसाचा मावसभाऊ. तो त्याच्याच सायकलवर मागे बसून यायचा, त्याच्याच डब्यातून खायचा. आणि त्याच्याकडे होता जुना बटणांचा फोन, त्यात अ‍ॅप चालतच नसे म्हणून त्याला सूट होती. त्रेपन्न जणांना उगाच घरी बसवलं आणि ज्याला बसवायला हवं होतं त्याच्याबद्दल अ‍ॅप मूग गिळून बसलं!

काकांनी दहा दिवस घरी बसून या गोष्टीचा कीस काढला. कारखाना उघडला तसे ते थेट मॅनेजरसमोर उभे राहिले.

"साहेब, घासणीचा तो माणूस शेवटच्या शेडमध्ये. पॅकिंगच्या पोरींनी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. मग त्यांचे फोन का वाजले?"

"का वाजले?"

"कारण माणसं लांब होती, पण फोन माझ्याकडे होते. खणाला खण लागून, आठ तास. माझ्या मांडणीत फोनच एकमेकांना भेटत बसले होते, साहेब."

मॅनेजर आधी हसले, मग गंभीर झाले, मग त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. शिकलेल्या माणसांच्या जे लक्षात आलं नाही ते काकांच्या लक्षात आलं, असं ते चार लोकांत म्हणाले. दुपारपर्यंत खिडकीवर पाटी लागली, काकांच्याच अक्षरात. फोन बंद करून द्यावा.

त्या दिवसापासून काका अ‍ॅपचे वैद्य झाले. काही जण फोन बंद करायला विसरत, मग कुणा ना कुणाला इशारा येई. तो आला की माणूस खिडकीशी येऊन फोन पुढे करी आणि काका हात झटकत. "अरे, ते खणातलं आहे. फोनला काय कळतंय माणूस कुठं होता ते? सोडून दे." लोक निश्चिंत होऊन आत जात. आणि खरंच, कुणाला काही झालं नाही. पाच-सहा वेळा असं झाल्यावर काकांना आपल्याच शब्दाचा भरवसा वाटू लागला. उलट कुणी विचारायला आलं नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई.

तो बुधवार होता. सकाळची पाळी, भोंग्याला पाच मिनिटं उरलेली, खिडकीपुढे वीसेक माणसांची रांग. ताईंची पाळी आली. एरवी त्या फोन ठेवून, मान हलवून आत जायच्या. त्या दिवशी थांबल्या.

"काका, हे आलंय बघा."

काकांचा एक हात मागच्या माणसाच्या बिल्ल्यावर होता. त्यांनी पडद्याकडे ओझरतं पाहिलं. तोच लाल चौकोन, तीच ओळ.

"ताई, तुम्हीसुद्धा? कितीदा सांगितलं, ते खणातलं आहे."

"नाही, पण यात बघा ना, यात दिवस..."

"दिवस कुठलाही असू दे. त्याला काय, तो रोजच भेटतो शेजारच्या खणाला." मागचे दोघे-तिघे हसले. काकांनाही आपलं बोलणं आवडलं. "बिनधास्त जा. घरी बसलात तर भिंगं काय मी तपासू, या डोळ्यांनी?"

ताई क्षणभर उभ्या राहिल्या. मग फोन बंद केला, खिडकीतून दिला, बिल्ला घेतला आणि गेल्या. दुपारी बाकाच्या त्या टोकाला बसून जेवल्या. इशाऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. माईंना रात्री खोकला कमी होता, एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी ताई आल्या नाहीत. शनिवारी कळलं, त्यांना ताप आहे आणि टेस्टमध्ये निघालं आहे. त्याच दुपारी फाटकाच्या खोलीतला फोन वाजला. आरोग्य खात्यातली बाई बोलत होती, आवाजावरून तरुण आणि दमलेली.

"त्या कुणाकुणाच्या जवळ बसायच्या, हे सांगू शकाल का? अ‍ॅपमध्ये त्यांच्या कामाच्या दिवसांचं काहीच दिसत नाहीये."

काकांनी पाटीकडे पाहिलं आणि नजर वळवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. ताईंच्या डाव्या हाताला कोण बसतं, भिंगांचे ट्रे कोण आणून देतं, जेवताना आपण स्वतः किती लांब होतो. दहा मिनिटांत बाईची यादी पुरी झाली. "असं सांगणारे सगळीकडे भेटले असते तर!" ती म्हणाली. काकांची छाती जराशी फुगली.

"आता एवढंच," ती म्हणाली. "मंगळवारी रात्री त्यांना इशारा गेला होता. बुधवारी त्या कामाला आल्या होत्या का?"

"आल्या होत्या. मला दाखवला होता त्यांनी. ते खणातलं होतं."

"म्हणजे?"

काकांनी मांडणीची सगळी हकीकत सांगितली, मॅनेजरला सांगितली होती तशीच, ठसक्यात. पलीकडे बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण यात भेटीचा दिवस रविवार आहे. रविवारी तुमचा कारखाना चालू असतो?"

रविवारी कारखाना कधीच चालू नसे. रविवारी मांडणीतले ऐंशीच्या ऐंशी खण रिकामे असत.

नंतर कळलं ते असं. ताई त्या रविवारी भाचीला भेटायला गेल्या होत्या. परतताना दीड तास बस, शेजारच्या सीटवर एक अनोळखी माणूस. ना त्याचं नाव माहीत, ना गाव. कुणी हजार प्रश्न विचारले असते तरी ताईंना त्याचा पत्ता सांगता आला नसता. तो माणूस माहीत होता फक्त ताईंच्या फोनला, आणि फोननं तो सांगितलाही होता.

काकांना दहा दिवस घरात वेगळं राहावं लागलं. बायको ताट दाराशी ठेवून जायची आणि दाराआडून विचारायची, "ताप आहे का?" ताप नव्हता. तो आलाच नाही. बारा वर्षं जिच्याबरोबर जेवलो ती बाई तापात फणफणलेली आणि आपण ठणठणीत, याची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी स्वतःचं अ‍ॅप उघडून पाहिलं. हिरवा पडदा, काही धोका नाही म्हणे. दुपारी ताईंचा फोन काकांच्याच हुकमानं बंद असायचा, मग अ‍ॅपला कुठून कळणार?

ताई आठवड्याभरात उठल्या. माई मात्र पडल्या. एकोणीस दिवस त्या इस्पितळात होत्या, शेवटचे सहा नळीवर. ताईंना काचेतून एकदा पाहू दिलं. विसाव्या दिवशी पहाटे निरोप आला.

ताईंनी बुधवारी घरी गेल्या गेल्या वेगळी खोली धरली असती तर? माईंना आंघोळ घालणं, भरवणं दुसऱ्या कुणी केलं असतं तर? काकांनी हा हिशेब सगळीकडून मांडून पाहिला. एका बाजूनं वाटे, लागण आधीच झाली असेल. दुसऱ्या बाजूनं वाटे, नसेलही. आरोग्य खात्यातल्या त्या बाईला त्यांनी एकदा फोन करून विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "काका, हे कुणालाच सांगता येणार नाही." ती चांगुलपणानं म्हणाली, पण काकांना त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दीड महिन्यानं ताई कामावर आल्या. वाळल्या होत्या. दुपारी डबा घेऊन बाकावर येऊन बसल्या, त्यांच्या टोकाला. काकांनी स्वतःचा डबा उघडलाच नाही.

"ताई, त्या दिवशी तुम्ही मला दिवस दाखवत होतात. मी बघितला नाही. बघायला काय लागत होतं? एक नजर. पण मागची माणसं हसली आणि मला शिंगं फुटली. माझ्यामुळे..."

"काका, वाचता मलाही येतं," ताई म्हणाल्या. त्या डब्याकडे बघत होत्या. "मी मंगळवारी रात्रीच वाचलं होतं, रविवार म्हणून. मला बसही आठवली होती. तो माणूस खोकत होता तेही आठवलं. पण माझ्या रजा संपल्या होत्या, आणि कारखाना बंद होता त्या दहा दिवसांत सगळ्यांचे काय हाल झाले ते पाहिलं होतं. मला कुणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणणार हे ठाऊक होतं. म्हणून तर तुम्हाला दाखवलं."

काकांनी विचारलं, "पण मग 'यात बघा' म्हणालात ते?"

"ते मी म्हणाले." ताईंनी डबा उघडला. "तेवढं तरी म्हणाले."

त्या जेवल्या, डबा धुतला, आणि भोंग्याच्या आधीच उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आतच, पॅकिंगच्या पोरींबरोबर खिडकीशी बसून जेवू लागल्या. भांडण नव्हतं. सकाळी फोन देताना मान हलवत, प्रकृती विचारत. काकांनाही वाटे, बरोबर आहे. समोर बसलं की दोघांनाही तो बुधवारच दिसणार.

साथ ओसरली. एके दिवशी मॅनेजरनी सांगितलं, आता अ‍ॅपची सक्ती नाही. त्या संध्याकाळी लोकांनी खिडकीतून फोन घेतले आणि तिथंच उभ्या उभ्या अ‍ॅप काढून टाकलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काकांनी स्वतःच्या फोनमधलं ठेवलं. का, ते बायकोनं विचारलं तर सांगता आलं नाही.

वर्षभरानं कॉलेजातली एक मुलगी छापील कागद घेऊन आली. साथीतलं अ‍ॅप उपयोगी पडलं का, याची ती पाहणी करत होती. तीन चौकोन होते. उपयोगी, निरुपयोगी, सांगता येत नाही. कारखान्यातल्या बहुतेकांनी मधल्या चौकोनात खूण केली होती. कागद काकांपुढे आला तेव्हा त्यांनी पेन हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"सांगता येत नाही, असं करू का, काका?" मुलीनं विचारलं.

"सांगता येतं," काका म्हणाले. "पण चौकोनात मावत नाही. बस जरा."

त्यांनी तिला सगळं सांगितलं, त्रेपन्न फोनांपासून रविवारच्या बसपर्यंत. मावसभावाचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. ताईंचं मात्र "आमच्यातली एक बाई" एवढंच म्हणाले. मुलगी आधी लिहून घेत होती, मग तिनं लिहिणं थांबवलं.

"म्हणजे अ‍ॅप चुकीचं होतं की बरोबर?"

"त्रेपन्न वेळा चुकीचं," काका म्हणाले, "आणि एकदा बरोबर. आणि ते एकदा कुठलं, हे बघायला मी तिथं बसलेलो होतो, पोरी."

मुलीनं कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते काकांनी विचारलं नाही. ती निघाली तेव्हा आत जेवणाची सुट्टी झाली होती, पॅकिंगच्या खिडकीतून पोरींच्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि त्यात मधूनच ताईंचा. काकांनी बाकावर बसून डबा उघडला.